केअर होममधील औषधे : नातेवाइकांसाठी एक पाठ



शाळेत असताना नवा पाठ सुरू करण्यापूर्वी मी मुलांना एक प्रश्न विचारीत असे. तसाच आज तुम्हांला विचारते. आपल्या घरातील जे वडील माणूस आज केअर होममध्ये आहे, त्याला रोज किती गोळ्या दिल्या जातात आणि त्या कशासाठी, हे तुम्हांला कागद न पाहता सांगता येईल काय? दोन वर्षांपूर्वी मला ते सांगता आले नसते. म्हणून या पाठात पहिली नापास विद्यार्थिनी मी स्वतःच आहे.

आपले आईवडील वृद्धपणी घराबाहेर राहतील ही कल्पना आपल्या लोकांना मुळीच सोसत नसे. स्पॅनिश व पोर्तुगीज ज्यूंचे जुने वृद्धाश्रम 1977 साली माइल एंडहून आपल्या वेम्बलीत, फॉर्टी अ‍ॅव्हेन्यूवर एडिनबरा हाउसमध्ये आले. तेव्हा त्यावरून जाता-येता आपल्यातील कितीतरी जण म्हणत, “आपल्याला कशाला लागेल?” आता लागते. मुले दोघे नोकरीला, घर लहान, जिना उभा, आणि आई रात्री उठून गॅस चालू करते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण होममध्ये माणूस ठेवले की औषधांची काळजी संपली, हा समज मात्र चुकीचा आहे.

शब्दांचा घोटाळा आधी दूर करू. मुंबईत नर्सिंग होम म्हटले की आपल्याला बाळंतपण किंवा ऑपरेशन आठवते. इथे तसे नाही. इथल्या नर्सिंग होममध्ये चोवीस तास शिकलेली नर्स असते. साध्या रेसिडेन्शियल होममध्ये ती नसते. तिथे औषधे केअरर देतात, त्यासाठी त्यांना शिक्षण दिलेले असते, आणि इंजेक्शन किंवा जखमेची पट्टी यांसाठी बाहेरून डिस्ट्रिक्ट नर्स येते. आपले माणूस कोणत्या प्रकारच्या होममध्ये आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसते.

आता माझी गोष्ट सांगते. माझी थोरली बहीण हॉस्पिटलमधून शुक्रवारी दुपारी एका होममध्ये गेली. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून हॉस्पिटलने तिला रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी, अ‍ॅपिक्साबॅन, सुरू केली होती. होमने ती चोख दिली. आठव्या दिवशी तिच्या नाकातून रक्त येऊ लागले, ते तासभर थांबेना. पुन्हा अँब्युलन्स, पुन्हा हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “या अ‍ॅस्पिरिन घेतात का?” होमच्या बाईने वही पाहून नाही म्हटले. मीही नाही म्हटले. मग बहिणीने स्वतःच पर्स उघडून गोळ्यांचे पाकीट काढले. इकोस्प्रिन. मुंबईच्या डॉक्टरांनी कधीतरी ‘हृदयासाठी’ म्हणून दिलेली ती गोळी रोज जेवणानंतर घ्यायची तिची सवय होती, आणि ती ते विसरली नव्हती. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. ते पाकीट मागच्या खेपेस मुंबईहून मीच आणून दिले होते.

त्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून मला एकच गोष्ट कळली. चुकीचे औषध देण्यासाठी कुणी निष्काळजी असावेच लागते असे नाही. तिथे हॉस्पिटल, होम, मी आणि बहीण असे चौघे होतो. प्रत्येकाला आपापला भाग नीट ठाऊक होता. सगळे मिळून कुणालाच ठाऊक नव्हते.

हा केवळ आमच्या घरचा प्रकार नाही. 2009 साली इंग्लंडमधील केअर होममधील औषधांची एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. वेस्ट यॉर्कशर, केंब्रिजशर आणि मध्य लंडन येथील 55 होममधील 256 रहिवासी त्यात पाहिले गेले. प्रत्येकाला सरासरी 8 औषधे चालू होती, आणि दहांपैकी सात जणांच्या बाबतीत निदान एक तरी चूक आढळली. घाबरून जाऊ नका. बहुतेक चुकांपासून फारसा अपाय होण्यासारखा नव्हता. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की चुका एकाच जागी नव्हत्या. काही डॉक्टरांच्या लिहिण्यात होत्या, काही औषध दुकानाच्या पाकिटात, काही हातात गोळी देताना, आणि काही रक्ततपासणी वेळेवर न करण्यात. म्हणजे औषध डॉक्टरच्या पेनापासून आजीच्या जिभेपर्यंत जो प्रवास करते, त्याच्या प्रत्येक स्टेशनावर ते चुकू शकते. सर्वांत मोठा धोका गाडी बदलताना असतो, म्हणजे घरातून हॉस्पिटल, हॉस्पिटलातून होम.

2014 साली नाइस या सरकारी संस्थेने केअर होममधील औषधांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत माणूस होममध्ये येते त्या दिवशी त्याच्या औषधांची पूर्ण यादी जुळवून घ्यावी असे सांगितले आहे. औषधाचे नाव, ताकद, किती, केव्हा, कशासाठी, कोणते औषध सोसत नाही, आणि आठवड्यातून एकदा किंवा लागल्यासच घ्यायच्या गोळीचा शेवटचा डोस केव्हा झाला. ही यादी करणे होमचे काम आहे, पण ती पुरी करणे आपल्यावाचून होत नाही. कारण डॉक्टरांच्या संगणकात जे आहे तेच होमला दिसते. पर्समधले, उशीखालचे आणि कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यातले त्यांना दिसत नाही.

तेव्हा पहिला गृहपाठ हा. एके दिवशी आईशेजारी बसा आणि तिच्याजवळ जे जे आहे ते सगळे टेबलावर काढा. मुंबईची नावे आणि इथली नावे वेगळी असतात, म्हणून घोटाळा होतो. क्रोसिन म्हणजे इथले पॅरासिटामॉल. होम दिवसातून चार वेळा पॅरासिटामॉल देत असेल आणि आपण मायेने क्रोसिनचे पाकीट देऊन आलो, तर मात्रा दुप्पट होते, आणि अंगाने बारीक म्हातारीच्या यकृताला ती झेपत नाही. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्याला ते घातक ठरू शकते. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड. पाकिटावर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत जे नाव असते, ते खरे नाव. वहीत तेच उतरवून घ्या.

ईलिंग रोडवरून आणलेली चूर्णे व काढे यांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, जरी काही वाचक माझ्यावर रागावतील. मी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही. माझ्या आजीने आम्हांला ओवा आणि सुंठ यांवरच वाढवले. पण ‘ते औषध थोडेच आहे, ते तर घरगुती’ हे वाक्य होममध्ये चालत नाही. कारल्याची भाजी खुशाल न्या. कारल्याचा रस रोज बाटलीने दिला आणि वर मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्या, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. काही भस्मांत आणि रसौषधींत शिसे व पारा सापडलेला आहे. इसबगोल देत असाल तर आधी विचारा, कारण होममध्ये त्यांना फायबोजेल दिले जात असेल, आणि फायबोजेल म्हणजे आपला इसबगोलच. शिवाय इसबगोल पेलाभर पाण्याशिवाय देऊ नये. ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्या घशात तो फुगून अडकतो. यातले काही बंदच करा असे माझे म्हणणे नाही. होमच्या मॅनेजरला दाखवून, वहीत लिहवून मगच द्या.

ती वही म्हणजे मार चार्ट. नावाने दचकू नका, यात कुणाला मार बसत नाही. इंग्रजीतल्या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. प्रत्येक औषध, त्याची मात्रा, वेळ, आणि दिल्यावर देणाऱ्याची सही असे त्यात असते. औषध दिले नाही तर का दिले नाही, याचे अक्षर लिहितात. त्या अक्षरांचा अर्थ चार्टवरच दिलेला असतो. बहुधा दर 28 दिवसांनी नवा चार्ट येतो. हाताने काही लिहिले असेल तर दुसऱ्या शिकलेल्या माणसाने ते तपासून सही करायची असते. रहिवाशाची संमती असल्यास आपण तो पाहू शकतो. नम्रपणे मागा. मी महिन्यातून एकदा मागते. पहिल्यांदा त्या मुलीने माझ्याकडे इन्स्पेक्टर आल्यासारखे पाहिले. आता ती स्वतःच सांगते की या आठवड्यात रात्रीची गोळी दोनदा नाकारली.

चार्टवर रहिवाशाचा फोटोही लावलेला असावा. आपल्या लोकांच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. पासपोर्टवर एक नाव, घरी दुसरे, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, आणि गावावरून आलेले ‘-कर’ कधी आहे, कधी नाही. एकाच मजल्यावर दोन मिसेस बेंजामिन असू शकतात. आणि आपली म्हातारी माणसे इतकी सभ्य, की कुणी कोणत्याही नावाने हाक मारली तरी “येस, येस” म्हणतात.

औषधांची फेरी चालू असताना केअररशी बोलू नका. गोळ्यांची ट्रॉली ढकलीत ती एका वेळी वीस माणसांची औषधे देत असते, आणि आपण मध्येच विचारतो, “आमच्या आईची शाल कुठे गेली?” काही ठिकाणी म्हणूनच फेरीच्या वेळी लाल अंगरखा घालतात, त्यावर व्यत्यय आणू नये असे लिहिलेले असते. शाल अर्ध्या तासाने सापडली तरी चालते.

वेळेची गोष्ट काही औषधांत फार कडक असते. पार्किन्सनच्या रुग्णाची गोळी अर्धा तास उशिरा गेली तरी त्याचे अंग लाकडासारखे होऊ शकते, मग तो गिळू शकत नाही की उठू शकत नाही. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनिक अ‍ॅसिडची गोळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास ताठ बसायचे, नाही तर अन्ननलिका भाजते. आणि मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज दिले गेले तर जीवावर बेतते. आपल्या माणसाला यातले काही चालू असेल तर वार कोणता, हे तुम्हांलाही पाठ असू द्या.

आता शिऱ्याचा प्रश्न. आई गोळी थुंकते, म्हणून आपण गोळी कुटून शिऱ्यात किंवा केळ्यात घालतो. घरी बहुतेकांनी हे केले आहे. होममध्ये मात्र हे आपल्या मनाने करायचे नाही, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे काही गोळ्या बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू विरघळाव्या अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एका क्षणात पोटात जाते. औषध दुकानदाराला विचारले तर पुष्कळदा तेच औषध पातळ स्वरूपात मिळते. दुसरे कारण कायद्याचे आहे. 2005 च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टप्रमाणे ज्याला समज आहे त्याला औषध नाकारण्याचा हक्क आहे, मग आपल्याला ते मूर्खपणाचे का वाटेना. समज राहिलेली नसेल तरच, आणि तेही डॉक्टर, फार्मसिस्ट, होम व घरची माणसे यांनी विचार करून, लेखी ठरवून, औषध लपवून देता येते, आणि तो निर्णय पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. इथेच आणखी एक गोष्ट सांगते. मुलगा किंवा मुलगी म्हणून आपले मत विचारले जाते, पण सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी आरोग्याविषयीची लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आईवडिलांना समज आहे तोवरच करून नोंदवून ठेवावी लागते.

ज्या गोष्टीसाठी मी हा पाठ लिहावयास घेतला ती आता येते. स्मृती जाऊ लागली की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. चाळीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेली बाई पुन्हा आपल्या मराठीत येते. होममध्ये दुखण्याची गोळी बहुधा ‘लागल्यास’ या सदरात असते. म्हणजे केअररने विचारायचे आणि दुखत असेल तर द्यायची. केअरर विचारते, “एनी पेन?” आपली आई मान तिरकी डोलावते. आपल्यात त्याचा अर्थ ‘हो ग बाई, आहे तसे’. इंग्रज किंवा दुसऱ्या देशाहून आलेल्या मुलीला ते ‘नाही’ वाटते, किंवा काहीच वाटत नाही. चार्टवर लिहिले जाते, गरज नाही. असे एका बाईंचे आठवडाभर चालले होते. त्या रात्री ओरडत, म्हणून त्या ‘त्रासदायक’ ठरल्या. त्यांची सून येऊन “आई, कुठं दुखतंय?” म्हणाली, तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवला.

त्रासदायक ठरलेल्या माणसाला शांत करणारी औषधे दिली जाण्याचा धोका असतो. 2009 साली प्रोफेसर बॅनर्जी यांनी सरकारसाठी केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता की या देशात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 1,80,000 रुग्णांना मनोविकारावरील औषधे दिली जात होती, आणि त्यांमुळे वर्षाला सुमारे 1,800 जादा मृत्यू होत होते. त्यानंतर हा वापर कमी करण्याचे प्रयत्न झाले. रिस्पेरिडोन हे त्यांपैकी एक औषध अल्झायमरच्या रुग्णाच्या सततच्या आक्रमकपणासाठी, तेही सहा आठवड्यांपर्यंतच, देण्याची परवानगी आहे. तेव्हा आई एकाएकी दिवसभर झोपू लागली, बोलणे जड झाले, पडू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. नवे काय सुरू केले, कशासाठी, आणि केव्हा बंद करणार, हे विचारा. आणि आधी कुणी दुखणे तपासले का, लघवीचा त्रास तपासला का, हेही विचारा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या चेहऱ्यावरून, कण्हण्यावरून दुखणे ओळखण्याचे अ‍ॅबी पेन स्केल नावाचे कोष्टक होममध्ये वापरता येते.

मी एका पोस्टकार्डावर दहा शब्द लिहून बहिणीच्या खोलीत लावले आहेत. मराठी उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि पुढे इंग्रजी अर्थ : दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, आग होते, खाज सुटते, पाणी, नको, पुरे, बाथरूम, झोप येत नाही. खाली मान डोलावण्याचा अर्थ. फिलिपिन्सहून आलेली एक केअरर आता “दुखतंय का?” इतक्या सुरेख विचारते की बहीण हसते.

उपासाबद्दल दोन शब्द, कारण होमला हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. दारफाळणीच्या सणाला आणि बिरड्याच्या रोजाला आपली म्हातारी माणसे, बाकी सारे विसरली तरी, तोंडात पाणी घेत नाहीत. चार्टवर एवढेच येते की औषध नाकारले. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपास केला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. जीव वाचवण्यासाठी इतर आज्ञा बाजूस राहतात, ही आपल्या धर्माचीच शिकवण आहे. आजाऱ्याने अशा वेळी खाल्लेच पाहिजे असे रब्बी सांगतात. हे डॉक्टरने सांगण्यापेक्षा हज्जानांनी किंवा रब्बींनी फोनवर सांगितले तर म्हातारी ऐकते, म्हणून सणाच्या आठवडाभर आधी ती व्यवस्था करा. पेसाहच्या वेळी गोळीतला स्टार्च आणि एरवी कॅप्सूलमधील जिलेटिन यांची शंका असेल तर रब्बींना व फार्मसिस्टला विचारा. उत्तर येईपर्यंत औषध चालू ठेवा.

वर्षातून निदान एकदा सर्व औषधांची फेरतपासणी व्हावी असे नाइसचे नियम सांगतात. त्या दिवशी हजर राहा किंवा फोनवर असा. जुन्या गोळ्या कमी करणे हेही त्या दिवसाचे काम असते, पण आपण होऊन एकही बंद करू नका.

एवढे करूनही चूक झालीच, तर प्रथम माणसाकडे पाहा. श्वास, शुद्ध, रक्तस्राव यांत काही बिघाड दिसला तर 999, एरवी डॉक्टर किंवा 111. मग होमने काय घडले ते लिहून ठेवले का ते पाहा. एप्रिल 2015 पासून इंग्लंडमधील होमना गंभीर अपाय झाल्यास तो रहिवाशाला, किंवा त्याला समज नसेल तर त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याला, उघडपणे सांगून माफी मागणे कायद्याने बंधनकारक आहे. मॅनेजरकडून समाधान झाले नाही तर लेखी तक्रार करा, आणि पुढे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे जाता येते. होमची पाहणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनलाही कळवा. ते एकेकाची तक्रार सोडवीत नाहीत, पण पुढच्या पाहणीत ती माहिती त्यांच्यापुढे असते.

माझ्या बहिणीच्या पर्समध्ये आता रुमाल, प्रार्थनेचे छोटे पुस्तक आणि पेपरमिंट असते. ती पेपरमिंटसुद्धा साखरेविना आहे की नाही, हे मी पाहून घेतले आहे.